निघेल ती हफीझाचीच पट्टी

७ जुलै, सोमवार
आजपासून सूड.
सकाळी प्रयोगशाळेतल्या दमट कपाटावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली. माझ्या दाताच्या डॉक्टरची जाहिरात असलेलं, निळं. उद्या माझ्या गोंदाचे नमुने त्या कपाटातल्या घामट हवेत ठेवायचे होते. सिंगापूरमध्ये जिथे पाकीट, तिथे मालकी. मंत्रीसुद्धा उभ्याने जेवेल, पण दुसऱ्याच्या पाकिटाला हात लावणार नाही.
दुपारी नूडल्सवाल्याकडे तोबा गर्दी. पाकीट टाकून पंख्याखालचं टेबल पटकावलं. नूडल्स बऱ्या होत्या.
परत येतो तर कपाटात माझ्या सहकारी हफीझाचे नमुने! पाकीट गायब. विचारलं तर म्हणाली, "एडमंड, कपाटावर काहीच नव्हतं." डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलली. बघून घेईन.

८ जुलै, मंगळवार
प्रयोगशाळेचे प्रमुख सिव सरांनी फैसला कसा होणार ते जाहीर केलं. चाचणीसाठी तयार झालेल्या अंकल पुआंच्या ओटीपोटावर गुरुवारी दोन पट्ट्या लावायच्या. प्रत्येकीत नखाएवढं अल्ट्रासाउंड यंत्र. मूत्राशय भरलं की पडद्यावर दिसतं. डावीकडची पट्टी माझ्या गोंदाची, उजवीकडची हफीझाच्या चिकट जेलची. शुक्रवारी चारपर्यंत जी टिकेल, ती इस्पितळातल्या म्हाताऱ्यांना लावणार.
या गोंदात माझी नऊ वर्षं गेली. तो पडला तर मी इथे फक्त चाव्या सांभाळणारा उरेन.
पण पडणार नाही. तिची जेल म्हणजे निम्मं पाणी. घाम आला की घसरेल. अंकलना घाम आणायची जबाबदारी माझी.

९ जुलै, बुधवार
संकल्प: रागवायचं नाही. सूड थंड डोक्याने.
हफीझाने डब्यातली केळ्याची भजी पुढे केली. घेतली नाही. (नंतर दोन घेतली. तिला संशय येऊ नये म्हणून.)
पोटात जळजळ. हिरवं औषधी तेल चोळलं. बाटली खिशात असतेच.

१० जुलै, गुरुवार, सकाळी १०
पट्ट्या लागल्या. हफीझा म्हणाली, "काका, उद्यापर्यंत आंघोळ नाही हं." अंकल म्हणाले, "चाळीस वर्षं टॅक्सी चालवली पोरी, घामात बसायची सवय आहे." दोन्ही चित्रं स्वच्छ. माझं जास्त स्वच्छ.

दुपारी २
अंकलना लाक्सा, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या तिखट नूडल्स, खायला नेलं. मिरचीचं वाटण दुप्पट घालायला सांगितलं. घाम हनुवटीवरून वाटीत. "तुझ्यासारखा भला माणूस नाही रे," म्हणाले. मनात म्हटलं, खा काका, खा.
मग लिफ्ट बंद असल्याचं सांगून सहा मजले चढवले. वर पोचलो तर लिफ्टमधून हफीझा बाहेर आली. अंकल पायरीवरच टेकले. एकाहत्तरीचा माणूस, दमला होता.

संध्याकाळी ५
दोन्ही पट्ट्या जागच्या जागी. तिची जेल घाम पिते म्हणे. पिऊ दे. किती पिईल?

११ जुलै, शुक्रवार, सकाळी ९
अंकलच्या पोटात मुरडा. थोडं वाईट वाटलं. मी काही राक्षस नाही. माझी तेलाची बाटली दिली. म्हटलं, सढळ हाताने चोळा.

दुपारी ४
अंकलनी सरांसमोर शर्ट वर केला. माझी पट्टी नव्हती. शोधली तेव्हा पँटच्या पट्ट्याच्या बक्कलला लटकलेली सापडली. माझा पडदा काळा. हफीझाच्या पडद्यावर मूत्राशय तुडुंब. ती म्हणाली, "काका, आधी जाऊन या."
परत आल्यावर अंकलनी माझं कौतुक आरंभलं. "किती जपलं हो या पोराने! लाक्सा खाऊ घातली, जिने चढवून व्यायाम दिला, पोट दुखलं तर स्वतःचं तेल दिलं." सरांनी नाक पुढे करून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तेलाने माझा गोंद विरघळतो. दर वर्षी विद्यार्थ्यांना हे मीच शिकवतो.
हफीझा म्हणाली, "बरं झालं आत्ताच कळलं, सर. इस्पितळातले सगळे म्हातारे हेच तेल चोळतात. अहवालात हा शोध एडमंडच्या नावावर टाकू." हसली असती तर सोसलं असतं.
इस्पितळात तिचीच पट्टी जाणार.

१२ जुलै, शनिवार, सकाळी ११
हार मानणार नाही. पाकीट चोरल्याची लेखी तक्रार करणार. पुराव्यासाठी सोमवारचं पान काढलं.
पंख्याखालचं टेबल. पाकीट टाकून. माझ्याच अक्षरात.
त्या दिवशी घातलेली पँट तपासली. मागच्या खिशात निळं पाकीट. दाताच्या डॉक्टरचा फोन नंबरही वाचता येतो.

दुपारी १२
ते पान फाडलं. मग वाटलं, रोजनिशीशी तरी प्रामाणिक असावं. परत चिकटवलं, माझ्याच गोंदाने. डोकं ठणकत होतं, म्हणून आधी कपाळाला तेल चोळलं आणि मग पान दोन्ही अंगठ्यांनी घट्ट दाबलं. उत्तम बसलं. हफीझाने येऊन बघावं.

संध्याकाळी ६
पान निघालं.