वाळुंजाची मागची बाजू

प्रिय घड्याळबाई,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. खुणा रंगवायच्या पिवळ्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडत नाही. माणसाने समुद्राचा तळ मोजला, पण झाकण असं बनवलं की ते उघडायला बायको लागावी. सोळा वर्षं तू चमच्याचं टोक घालून, डबा एक वेढा फिरवून, बोलता बोलता ते उघडायचीस. मी काल बसथांब्यावर दोन चमचे वाकवले, अंगठा कापून घेतला, आणि शेवटी कंडक्टरने उतरून ते उघडून दिलं. वर सल्लाही दिला, "काका, जोर नाही लावायचा, हात फिरवायचा." दुसरी तक्रार, आपली गोल पायवाट सांभाळणाऱ्या वाटसमितीच्या चिटणिसाची. त्याने या वर्षी एकच ब्रश दिला. मी म्हटलं, अहो, वाटेला दोन दिशा असतात. तर म्हणतो, "हो, पण तुम्ही आता एकटेच ना?" माणूस वाईट नाही. नको तिथे खरं बोलतो, एवढंच.

आपली पद्धत त्याला कधी कळलीच नाही. गोल वाटेवर माणसं दोन्हीकडून येतात, म्हणून खुणेच्या प्रत्येक झाडाला दोन पट्टे लागतात, पुढून एक, मागून एक. शहाणी माणसं एका झाडाशी थांबून दोन्ही मारतात. आपण पहिल्याच वर्षी ठरवलं की थांब्यावरून तू रानाकडे निघायचं, मी वस्त्यांकडे. ज्याने त्याने आपल्या तोंडासमोर येतील तेवढे पट्टे रंगवायचे, मधोमध पाणथळीतल्या छोट्या लाकडी पुलावर, साकवावर भेटून डबा खायचा, आणि मग तू माझ्या वाटेने, मी तुझ्या वाटेने गोल पुरा करायचा. "तेवढाच वर्षातून एक दिवस शांतता," असं तू म्हणाली होतीस. ते वाक्य मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात तीनदा वापरलं. तिन्ही वेळा लोक हसले.

एकच ब्रश असल्यामुळे या वर्षी दोन दिवस लागले. काल मी माझ्या नेहमीच्या दिशेने गेलो. पहिल्या वस्तीतल्या सुताराने फाटक बदललंय, नवं जुन्यापेक्षा जास्त कुरकुरतं. दुसऱ्या वस्तीतली मधवाली म्हातारी अजून तशीच, कान गेले, जीभ शाबूत. तू नेहमी दुपारनंतर समोरून यायचीस, तरी तिने माझ्या मागे वाकून बघितलं, जणू मी तुला पाठीशी लपवलंय. "बाई कुठंयत?" मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, बदली झाली. "मग तुम्ही का नाही गेलात?" मी चहा मागितला. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "त्या कधी बसल्या नाहीत हो माझ्याकडे. दर वर्षी म्हणायची मी, बसा घोटभर. तर म्हणायच्या, आमच्या वाटचा चहाही हेच पिऊन गेलेत." आणि खदखदून हसली. मीही हसलो. मग तो कप मला संपवता येईना.

तिच्याच ओट्यावर मी दर वर्षी अडकायचो, हे तुला माहीत आहे. मधमाश्यांची भांडणं, सुनेची गाऱ्हाणी, सगळं मी सदरासाठी टिपून घ्यायचो आणि साकवावर पोचल्यावर म्हणायचो, पाचच मिनिटं उशीर झाला गं. तू मला पाचमिनिटे हे आडनाव बहाल केलंस ते तिथेच. मला ते आवडायचं. मला वाटायचं, तुलाही आवडतं.

आज मी उलट्या दिशेने निघालो, तुझ्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा. वाट तीच, पण ओळख देत नव्हती. रानातला चढ तुझ्या बाजूने एवढा उभा आहे हे तू कधी बोलली नाहीस. रान संपतं तिथे झाडांच्या फटीतून पाणथळ एकदम उघडते, लव्हाळे, बगळे, आणि मधोमध तो साकव, एवढासा. तिथून साकवावर कुणी आहे की नाही हे लांबूनच दिसतं. म्हणजे मी नाही, हे तुला दर वर्षी पाऊण मैल आधीच कळायचं.

साकवाच्या अलीकडचं ते खुणेचं झाड, वाकडं वाळुंज. मी साकवाकडून यायचो, त्यामुळे त्याची तीच एक बाजू मला माहीत. जेवण झालं की त्याच्या शेजारून पुढे निघायचो, मागे वळून बघायची मला कधी गरज पडली नाही. आज रानाकडची बाजू समोर आली. तुझ्या पट्ट्याखाली ठिपके आहेत, पिवळे, बोटाच्या टोकाएवढे, ओळींत. सर्वांत खालच्या, पुसट ओळीत एकच ठिपका, त्याला दोन डोळे आणि हसू. पुढच्या वर्षी दोन. मग तीन. डोळे आणि हसू काढणं दुसऱ्या वर्षापासूनच बंद. वर वर ओळी लांबत गेल्यात, आणि गेल्या वर्षीच्या ओळीत अकरा ठिपके आहेत. पाव तासाला एक, हे मला कुणी सांगायला नको, तुझ्याबरोबर सोळा वर्षं राहिलोय. अकरा म्हणजे पावणेतीन तास.

त्या अकरा ठिपक्यांच्या दिवशी तुझ्या पिशवीत बढतीचं पत्र होतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं, आणि तू मला विचारणार होतीस, येशील का माझ्याबरोबर. हे मला तुझ्या बहिणीकडून कळलं, तू गेल्यावर दोन महिन्यांनी. मी आलो तो मधाची बाटली नाचवत, म्हातारीची नक्कल करत. तू म्हणालीस, "जेवून घे, गार झालंय." चार दिवसांनी तू गेलीस, आणि मी सदरात लिहिलं की आमची बायको एक अक्षर न बोलता गेली, सोळा वर्षांतला तिचा पहिला अबोला. त्या लेखाला सगळ्यात जास्त पत्रं आली. तू तो वाचला असशील तर, आणि नसशील तरी, मी तो मागे घेतो. तू बोलत होतीस. मी दुसऱ्या बाजूने येत होतो.

हे पत्र लिहिण्याचं कारण आता सांगतो. तुझ्या वकिलाने पाठवलेल्या कागदांवर सही करून ते सोबत जोडले आहेत. आठ महिने टेबलावर पडले होते, पाचच मिनिटांचं काम होतं. चिटणिसाने बजावलंय की खुणांशिवायचा रंग खरवडून टाका, लोक वाट चुकतात. तुझ्या ठिपक्यांना मी हात लावलेला नाही. जेवणाचा डबा उघडून साकवावर बसलोय आणि लिहितोय. तू येणार नाहीस हे माहीत असून रानाकडे तीनदा बघून झालं. दर पाव तासाला उठून वाळुंजाच्या माझ्या बाजूला एक ठिपका देतोय. जेवण गार झालंय. आत्ता अकरावा दिला, आणि ब्रश धुवून रंगाच्या डब्याचं झाकण बसवलं.

तुझाच,
पाचमिनिटे