आर्डिथबाईंच्या अंगणातला पाऊस

सोमवार, २० जुलै

मापकात पाणी आहे. पाऊस पडलेला नाही.

दोन्ही गोष्टी मी स्वतः तपासल्या. अंगण कोरडं, रस्ता कोरडा. काल गाडीवरच्या धुळीत बोटानं तारीख लिहिली होती, ती अजून स्पष्ट वाचता येते. रडारवर पहाटेचं वादळ गावाच्या उत्तरेला नऊ मैलांवरून गेलं. गडगडाट ऐकू आला, थेंब एक आला नाही. तरी सकाळी सात वाजता आर्डिथबाईंनी कुंपणाजवळच्या पर्जन्यमापकात मोजकाठी घातली, वर काढली, ओली खूण इंचाच्या शतांशांत वाचली, क्षणभर रस्त्याकडे पाहिलं – आणि ओरडल्या, "बावीस शतांश!"

कुंपणापलीकडे व्हर्जिलकाका, हातात कॉफीचा मग. वय ऐंशी, विधुर, गल्लीतलं शेवटचं घर.

"माझ्याकडे ठणठणीत कोरडं! वरच्याची तुमच्यावर खास मर्जी दिसते, आर्डिथबाई."

"मर्जी नाही हो, वागणूक! तुम्ही रविवारी प्रवचनात घोरता, मी जागी असते."

पंधरा मिनिटं हे चाललं. मी वरच्या खिडकीत. मे महिन्यापासून आर्डिथबाईंच्या घराचा वरचा मजला माझ्याकडे भाड्यानं आहे. त्या हवामान खात्याच्या स्वयंसेवक निरीक्षक, मी त्याच खात्यात उपकरण-तंत्रज्ञ. म्हणजे त्यांचा मापक बरोबर आहे की नाही, हे सांगणं माझं काम.

मापक बरोबर आहे. पाणी बरोबर नाही.

कमाल तापमान ९७ फॅरनहाइट. मका डोक्याएवढा झालाय. त्याच्या पानांतली वाफ गावावर येऊन बसते. सगळे म्हणतात, मका घाम गाळतोय. घाम आम्ही गाळतो.

मंगळवार, २१ जुलै

आज अठरा शतांश. रडारवर वादळ दक्षिणेला, सहा मैलांवर. आमचं गाव त्या ढगांना दिसतच नाही बहुतेक.

यावेळी मी तयारीत होते. सातला दहा कमी असताना मागच्या दारानं बाहेर पडले आणि टीडीएस मीटर मापकात बुडवला. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आकडा दहाच्या आसपास यायला हवा. आला ५९०. इतका चुना घेऊन पाऊस पडला असता तर आयोवातल्या गायी पांढऱ्या झाल्या असत्या.

म्हणजे विहिरीचं किंवा नळाचं पाणी. कुणीतरी ओततंय.

दवात पावलं उमटली होती. दोन माग. एक बुटांचा, कुंपणाच्या फटीतून मापकापर्यंत. दुसरा सपातांचा, आर्डिथबाईंच्या मागच्या दारातून मापकापर्यंत. आणि तो जुना होता – त्यावर पुन्हा दव बसलं होतं.

हे मला आवडलं नाही.

कारण येत्या रविवारी चर्चच्या तळघरात आर्डिथबाईंना चाळीस वर्षांचा बिल्ला मिळायचाय. चाळीस वर्षं, रोज सकाळी सात, एकही दिवस चुकलेला नाही. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा आधी पाऊस मोजला, मग काळा कोट चढवला. माझा वरिष्ठ ड्वेन बिल्ला घेऊन येणार आणि मी त्याच्या हातात तपासणी अहवाल ठेवणार. खोटा पाऊस नोंदला गेला असेल, तर तसं लिहावं लागेल. मग जुलै बाद. कदाचित केंद्रच बंद. बिल्ल्याचा प्रश्नच नाही.

त्यांचा महिन्याचा कागद स्वयंपाकघरात पावाच्या डब्यात असतो. तीस-एकतीस तारखेला टपालात पडतो, तोवर डब्याबाहेर येत नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "जुलैचा कागद बघू का जरा?"

"अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही, पोरी. विणकामसुद्धा नाही."

आणखी एक नोंद: आज त्यांच्या कानात मोती होते. सकाळी सात वाजता, एक्याऐंशी अंशांत. काल नव्हते.

बुधवार, २२ जुलै

पंधरा शतांश. तापमान ९९. वादळ – दुसऱ्याच्या गावात.

आज नऊ ठिकाणी पाणी मागून प्यायले. या उकाड्यात कुणाला नवल वाटत नाही. सगळ्यांना आनंदच होतो, बर्फ किती घालू विचारतात. मीटर बाहीत लपवायचा, ग्लास मांडीवर घ्यायचा, आकडा बघायचा. लॉरेनच्या कॅफेत ३१०. चर्चच्या स्वयंपाकघरात ३१२. पास्टरच्या बायकोनं वर आंबटगोड रुबार्बची वडी दिली आणि "जाते हं" म्हटल्यानंतर दारात पाऊण तास उभं केलं. ३०९. पेट्रोल पंपावर ३१०.

सगळ्या गावाला एकाच टाकीचं पाणी आहे, तेव्हा आकडा सगळीकडे सारखाच येणार, हे मला पहिल्या ग्लासाला सुचायला हवं होतं. आठव्याला सुचलं. उन्हाचा परिणाम, असं लिहून ठेवते.

गावात टाकीचं पाणी न घेणारं घर एकच. नववा ग्लास तिथे.

"ये ये! खरं पाणी पी," व्हर्जिलकाका म्हणाले. "ते गावाचं म्हणजे औषधाचा काढा. ही विहीर माझ्या आजोबांनी खणली."

५८९.

"काय बुडवलंस गं ते?"

"चमचा."

"चमच्याला आकडे असतात?"

"नव्या चमच्यांना असतात."

मी पाणी संपवलं. चव खडूची.

आर्डिथबाईंच्या नळाला ३१०. म्हणजे त्या सुटल्या. सपातांचा खुलासा मात्र होत नाही.

गुरुवार, २३ जुलै

आज मी एक अव्यावसायिक गोष्ट केली. अगदी नेमकेपणानं केली.

व्हर्जिलकाकांच्या कुंपणावर बियाणं कंपनीनं फुकट वाटलेला प्लॅस्टिकचा मापक आहे. सहा वाजून पन्नास मिनिटांनी ते आत कॉफी ओतून घ्यायला गेले. तेवढ्यात मी त्यात पाणी घातलं. दोन इंच. डोळा पाण्याच्या रेषेत ठेवून, बरोबर दोन.

सात वाजता आर्डिथबाई बाहेर आल्या. मोती. काठी घातली. "एकतीस शतांश! तुमचं काय? नेहमीचंच वाळवंट?"

व्हर्जिलकाका न बघताच "कोरडं" म्हणणार होते, मग नजर गेली. तोंड उघडं राहिलं.

"दोन... दोन इंच."

"किती?"

"दोन इंच, आर्डिथबाई."

"वीस पावलांत? मग तुमच्या कोंबड्या पोहत असतील!"

एवढं बोलून त्यांनी कुंपण धरलं आणि हसत सुटल्या. चष्मा काढून डोळे पुसले. आर्डिथबाईंना मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. व्हर्जिलकाकांनी मात्र मान वर केली आणि सरळ माझ्या खिडकीकडे बघितलं. मी हात हलवला.

दुपारी ते गॅरेजपाशी आले. टोपी हातात.

"तुझा तो चमचा."

"हो."

"किती दिवसांपासून?"

"मंगळवार."

त्यांनी टोपी एकदा गोल फिरवली. मग सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांनी. जूनच्या तीस तारखेनंतर पाऊस नाही. पाऊस नसला की ती येते, डोकावते, आत जाते. "शून्यासाठी कुणी कुणाला हाक मारतं का? एकोणीस दिवस, पोरी. एकोणीस दिवस मी इथे मग घेऊन उभा." सोमवारी पहाटे उत्तरेला गडगडलं, तेव्हा सुचलं – असल्या विखुरलेल्या पावसाचं काय, एका परसात पडतो, दुसऱ्यात नाही. कोण खोटं म्हणणार?

"मी म्हणणार," मी म्हटलं. "ती नोंद आहे, काका. चाळीस वर्षांची. त्यात तुमच्या विहिरीचं पाणी गेलंय."

"बोटभर पाणी! त्यानं काय सरकार बुडतंय?"

"सरकार नाही. त्यांचा बिल्ला."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चेहरा उतरला. "आता नाही ओतणार," म्हणाले. आणि मग, "पण तू रविवारपर्यंत गप्प राहशील?"

मी काही कबूल केलं नाही. मी सहसा करत नाही.

शुक्रवार, २४ जुलै

त्यांनी शब्द पाळला. मापक कोरडा.

आर्डिथबाई सातला आल्या, मोती घालून. काठी घातली, काढली, उलटसुलट बघितली. "शून्य," म्हणाल्या, बेताच्या आवाजात. व्हर्जिलकाका मगात बघत होते. "उकडतंय," एवढंच म्हणाले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. एकूण चाळीस सेकंद. पाच मिनिटांनी त्या अंगण झाडायला आल्या तेव्हा कानात मोती नव्हते.

मी बरोबर आहे. हे पुन्हा एकदा तपासलं. बरोबरच आहे.

संध्याकाळी सव्वासहाला पश्चिमेकडून आलं. खरं! आकाश आधी हिरवट, मग दौतीतल्या शाईसारखं. भोंगा वाजला – तळघरात जा. अर्थातच सगळी गल्ली बघायला बाहेर आली. व्हर्जिलकाकांनी अंगणात घडीची खुर्ची मांडली.

"आत जा हो, वेडे आहात का!" आर्डिथबाई त्यांच्या ओसरीतून.

"आतून दिसत नाही!"

"वीज पडेल डोक्यावर!"

"मग तिला तरी सापडलो म्हणायचं!"

वाटाण्याएवढ्या गारा, चार मिनिटं. पाऊस बावीस मिनिटं. ९८ वरून ७१ अंश. मका सपासप आडवा झाला आणि पुन्हा उभा राहिला. मी ओसरीवर भिजत उभी होते. उपकरण कुठलंच हातात नव्हतं.

शनिवार, २५ जुलै

साडेसहाला खिडकीतून बघितलं. व्हर्जिलकाका कुंपणाच्या फटीतून इकडे आले, हातात निळी इनॅमलची किटली. आधी मापकात डोकावले. मग परत जाऊन स्वतःच्या मापकात डोकावले. पुन्हा आले. आणि किटली तिरकी केली – थोडीशी, औषध मोजावं तशी.

मी धावत खाली. "काका!"

"श्श! माझ्याकडे छत्तीस झालेत," ते कुजबुजले. "तिच्याकडे कमी. पहिलाच खरा पाऊस आणि मी जिंकू? कसं दिसेल ते?"

खऱ्या पावसात खोटा मिसळला! शून्यात ओतलेलं निदान ओळखता येतं. हे म्हणजे नोंदच नासली. मी चिडले. मीटर बुडवला. १२३.

सात वाजता: "एक्केचाळीस शतांश!" मोती. व्हर्जिलकाका छाती फुगवून हरले.

मी वर येऊन गणित केलं. पावसाचा आकडा १०, विहिरीचा ५९०, मिश्रणाचा १२३. म्हणजे एकोणीस-वीस टक्के विहीर. एक्केचाळीसपैकी आठ शतांश व्हर्जिलकाका, तेहतीस पाऊस. खरी नोंद: ३३. हे आता जगात फक्त मला माहीत आहे.

अहवाल लिहिला. दोन पानं, सगळे आकडे, तारखांसह. त्यात एकही चूक नाही. जुलैच्या पाच नोंदी अविश्वसनीय, केंद्राबाबत निर्णय व्हावा. सही करून पाकिटात घातला. मग वाटलं, निदान त्यांना आधी सांगावं. खाली गेले. आर्डिथबाई उद्याच्या पोशाखाला इस्त्री करत होत्या, निळा, बारीक फुलांचा.

"बिल्ला डावीकडे लावतात की उजवीकडे गं?"

"डावीकडे," मी म्हटलं. आणि वर आले.

पाकीट टेबलावर आहे. अजून चिकटवलेलं नाही.

रविवार, २६ जुलै

चर्चचं तळघर, हॅमची सँडविचेस, हिरवी जेली. भाषणाआधी ड्वेन म्हणाला, "फोनवर सांगितलेला जुलैचा कागद आणलाय का? सगळ्यांना दाखवू." माझा हात पर्समधल्या पाकिटावर. आर्डिथबाईंनी कागद काढून दिला. मी ड्वेनच्या खांद्यावरून वाचला.

सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य. बुधवार, शून्य. गुरुवार, शून्य. शुक्रवार, शून्य. शनिवार – ३३.

निरीक्षणाची वेळ मंगळवारपासून खोडून बदललेली: सातऐवजी पहाटे पाच. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बारीक पेन्सिलीनं, सोमवारपासून रोज एक ओळ: व्ही. २२. व्ही. १८. व्ही. १५. व्ही. ३१. व्ही. ०. व्ही. ८.

"हे व्ही. काय आहे?" ड्वेननं विचारलं.

"स्थानिक परिस्थिती," आर्डिथबाई म्हणाल्या, आणि मला जेली वाढली.

घरी येऊन अहवाल नव्यानं लिहिला. एक पान. दोष एकच: निरीक्षण ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी होतं. सुधारणा काय करावी, या रकान्यात लिहिलं: काहीही नको.