एक हजार ऐंशी फेरे

७ जानेवारी १९६३, सोमवार

बसवत नाही! उभ्यानेच लिहितो आहे, वही खिडकीच्या फळीवर ठेवून. बावीस वर्षे हापिसातल्या खुर्चीत बसलो, कधी काही दुखले नाही. सायकलच्या सीटने एका दिवसात बसणे विसरायला लावले. ही तोंडाला पदर लावून हसते आहे. ‘साहेबांले तेल गरम करून देऊ का?’

साहेबांचा हुकूम असा — घाटंजीच्या आजूबाजूच्या एकोणीस वाड्या-तांड्यांना जवळची शाळा किती लांब पडते, ते जागेवर जाऊन मोजायचे. वस्तीच्या मधोमध असलेल्या घरापासून शाळेच्या दारापर्यंत, पायवाटेने. दीड मैल किंवा त्याच्या वर भरले तर वस्तीला स्वतःची शाळा. कमी भरले तर नाही. तक्ता ११ फेब्रुवारीला टेबलावर पाहिजे.

हापिसची जीप लढाईच्या कामाला गेली. लढाई थांबली, जीप काही आली नाही. म्हणून मी, आणि धाकट्या भावाची ही सायकल.

८ जानेवारी

युक्ती सापडली! पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला पत्र्याची पट्टी बांधली. चाक एकदा फिरले की पट्टी चिमट्याला लागते — टक्. पांढरकवड्याच्या रस्त्यावर मैलाच्या दोन दगडांमध्ये जाऊन मोजले. सातशे वीस टक्. परत येताना पुन्हा सातशे वीस. म्हणजे दीड मैलाचे एक हजार ऐंशी. शंभर झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा.

मोजण्यात मला कोणी धरू शकत नाही. आजवर एक बेरीज चुकलेली नाही, हे हापिसातला शिपाईसुद्धा सांगेल.

१० जानेवारी

डांबरी रस्ता सोडला आणि गाडीवाटेला लागलो. तीन तासांत माणसे भेटली ती अशी — कापसाच्या गाडीवर झोपलेला एक गाडीवान (बैलांना रस्ता पाठ होता), आणि बोरे वेचणाऱ्या दोन म्हाताऱ्या. बस्स! घंटी वाजवायची वेळच आली नाही. शेवटी मीच एकदा वाजवून पाहिली, चालते की नाही म्हणून. एक तित्तर फडफडले, तेवढेच.

काळी जमीन, मग एकदम मुरूम, मग खडक, मग सागाचे रान. साग पाने गाळतो आहे. पान पडते तेव्हा केवढा आवाज होतो! मला वाटले मागून कोणी येते आहे. दोनदा वळून पाहिले.

आणि सहाशे चाळीसवर असताना समोरून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप गेला. नऊ की दहा. एक निळसर मोठा नर वाटेत थांबून माझ्याकडे बघतच राहिला. मीही. तो गेल्यावर ध्यानात आले — सहाशे चाळीस की सातशे चाळीस? झक मारत मागे गेलो आणि पहिल्यापासून मोजले. राग मात्र आला नाही. हे नवीनच.

११ जानेवारी

दोन वस्त्या. १४१२ आणि १९०६. दोघींनाही शाळा! मी काही द्यायला गेलो नव्हतो, नुसता आकडा सांगितला, तरी ताक आणि गुळाचा खडा मिळाला.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. तरी सकाळी सायकल काढली. ‘आज काय मोजता?’ — ही. काही नाही म्हटले. पट्टी सोडून घरीच ठेवली. वाघाडी नदीच्या काठाकाठाने दोन तास नुसता फिरलो, वाळक्या तुरीचा वास घेत. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने कारणावाचून सायकल चालवावी, हे कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे लिहितो. फार सुख झाले.

१६ जानेवारी

उद्या देवीलाल तांडा. जुनी फाईल काढली. त्यांचा १९५९ चा अर्ज निघाला — शाळा द्यावी, पोरांना नाला ओलांडून बोरदरीला जावे लागते. खाली बावीस अंगठे. आणि समासात शेरा : ‘अंतर नकाशावरून एक मैल. नामंजूर करावे.’

अक्षर माझे. सही माझी.

आठवले. उन्हाळ्याचे दिवस, पंखा बंद, नकाशावर फूटपट्टी ठेवली होती. दोन मिनिटे लागली असतील.

१७ जानेवारी

देवीलाल तांडा. माळाच्या उतारावर बावीस घरे. पराट्या-तुराट्यांच्या, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, सारवलेल्या भिंती, वर गवत. तांड्याचा नायक लखीराम, सत्तरीचा. देवीलाल हा त्याचा बाप. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचा, मग इथे बसला. लखीरामने माझे नाव विचारले. ‘वामनराव, घाटंजीच्या हापिसातून.’ जरा वेळ माझ्याकडे पाहिले, मग सुनेला दूध आणायला सांगितले.

सून बसंतीबाई. सासऱ्यासमोर बोलायचे नाही, हा रिवाज. म्हणून घुंगटाआडून शेळीशी बोलते! ‘ऐक वं शेळे, सायबाले शाळा मोजाची हाये. शाळा नको मोजू म्हना, नाला मोज म्हना. मांगच्या भादव्यात हंसाची पाटी वाहून गेली. पाटी गेली, पोरगी राह्यली, म्हनून आज सांगून राह्यली.’

हंसा तिची धाकटी, सहा वर्षांची. खांबाला धरून माझ्या पट्टीकडे बघत होती. थोरली अकरा वर्षांची, ती शेळ्यांमागे असते. १९५९ ला सातची असेल. हिशेब चटकन होतो माझा — आज नसता झाला तर बरे होते.

मोजले. नाल्यात वाळू आहे, तिथे सायकल हाताने ढकलत नेली. एक हजार एकतीस.

एकोणपन्नास कमी!

१८ जानेवारी

आज शाळेकडून उलटे मोजले. १०२९. आयुष्यात पहिल्यांदा वाटले, देवा, माझे मोजणे चुकू दे.

२३ जानेवारी

तिसऱ्यांदा गेलो. १०३०.

बसंतीबाईचा नवरा अमरसिंग कानाशी आला. ‘चाकातली हवा कमी केली तं आकडा वाढते ना?’ डोके आहे त्याला! बसलेले चाक लहान पडते, फेरे जास्त होतात, खरेच आहे. आणि लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही — मी हवा सोडली. १०३९! रिम दगडांवर आपटली, माझी हाडे खिळखिळी झाली, आणि वाढले किती, तर नऊ. चोरी करून नऊ फेरे. लाज वाटली. पंप मारून पुन्हा हवा भरली.

लखीराम खाटेवर बसून सगळे बघत होता. मी म्हटले, ‘नायकबाबा, पन्नास फेरे कमी पडतात.’ म्हणाला, ‘पन्नास फेरे म्हंजे किती जागा? दाखवा.’ त्याच्या दारापासून माळाकडे, चढावर, मी सायकल ढकलत टक् टक् मोजत गेलो. तो काठी टेकत बाजूने. पन्नास झाले तिथे उभा राहून त्याने मागे घरांकडे पाहिले. ‘एवढंच?’ म्हणाला. एवढ्याशा जागेपायी शाळा जाते याचे वाईट वाटले असेल.

तिथेच मला राहवले नाही. सांगून टाकले. ‘चार वर्षांपूर्वी तुमच्या अर्जावर शेरा लिहिला तो मी.’

‘मालूम हाये,’ म्हणाला. ‘बोरदरीच्या मास्तराकडून कागद वाचून घेतला होता. खाली नाव होतं. तुमी नाव सांगतलं तेव्हाच समजलो.’

तरी दूध पाजले! काहून, असे विचारले. हसला. ‘तवा तुमी आले नोयते. आता आले ना.’

परतीच्या वाटेवर मोजत नव्हतो. एका बांधाशी उतरलो आणि चांगला रडलो. रस्त्यावर कोणी नसते, याचा हाही फायदा.

२५ जानेवारी

साहेबांसमोर नाला मांडला. पूर, चार महिने शाळा बुडते, पाटी, सगळे. शांतपणे ऐकले. मग — ‘तक्त्यात नाल्याला रकाना नाही, वामनराव. अंतर लिहा.’

माणूस वाईट नाही. चार वर्षांपूर्वी मीही अगदी असेच बोललो असतो.

३ फेब्रुवारी

आठवडाभर केळापूरच्या अंगाच्या वस्त्या. अठरा झाल्या! अकरांना शाळा मिळणार. एका ठिकाणी तर बायांनी सायकललाच कुंकू लावले.

पळसाला काळ्या कळ्या धरल्या आहेत. हवेत अजून गारवा. चढावर धाप लागत नाही आता, पोट दोन बोटे उतरले, धोतराची गाठ वर सरकली. ही म्हणते, ‘तुमी झोपेतही मोजता.’ असेन. पण खरे सांगायचे तर अकरांचा आनंद होतो आणि लगेच ते एक आठवते. सायकलवर डोके रिकामे होते, आणि रिकाम्या डोक्यात बसंतीबाईची शेळी येऊन उभी राहते.

८ फेब्रुवारी

तक्ता शाईने भरला. एकोणिसावी ओळ कोरी.

तिथे पेन्सिलीने १०८० लिहिले. बघत बसलो. कोण जाणार आहे मोजायला? घाटंजीत टक् टक् वाजणारी दुसरी सायकल नाही. माझ्या शब्दावर कोणी शंकाही घेणार नाही. आणि त्याच शब्दावर बाकी अकरा शाळा उभ्या आहेत. उद्या कोणी हा एक आकडा खोटा म्हणून दाखवला, तर साहेब सगळा तक्ताच फेकून देतील. त्यांचा काय दोष?

खोडले. पुन्हा लिहिले. पुन्हा खोडले. कागद झिजला तिथे.

९ फेब्रुवारी

ठरले. खरे तेच लिहीन — एक हजार तीस. पण तांड्याला ते हापिसच्या कागदातून कळायला नको. एकदा टेबलावरून नाही म्हटले, आता तोंडाने सांगेन. उद्या जातो. हंसासाठी एक पाटी घेतली. पाटीने काय होणार, माहीत आहे. तरी घेतली.

१० फेब्रुवारी, रविवार

तांडा जागेवर नाही!

बोरदरीच्या शाळेपासून सवयीने मोजतच निघालो. हजारावर पोचलो तरी कुत्रे भुंकेना. एक हजार तीस — आणि तिथे बावीस चुलींची राख, खांबांचे खड्डे. मग वरून अमरसिंगने हाक मारली. सगळी बावीस घरे चढावर, माळावर, लखीरामच्या पडीक वावरात. भिंती सोडवून उचलून नेल्या, खांब पुन्हा रोवले, आठ दिवसांत. पाणी आता बायांना तेवढे दूर पडते. ते त्यांनीच ठरवले, म्हणे.

‘तुमी पन्नास म्हनले,’ लखीराम म्हणाला. ‘माहा बाप रोज पाच कोस सरके. आमाले एवढ्यासाठी कायले अर्ज करा लागते? मोजा.’

मधल्या घरापर्यंत मोजले. एक हजार चौऱ्याण्णव!

‘जरासं जास्तच घेतलं,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, सायबाचं मोजनं चुकलं तं?’