सप्रेम भेटीची घड्याळं

यवत,
८ डिसेंबर २०२४

प्रिय हन्ना,

तुला खूप खूप प्रेम. येशुदासकाकांना माझा सलाम सांग आणि काकूंचा गुडघा आता कसा आहे ते कळव. इकडे सगळे ठीक. ऊस तोडणीला आलाय, इंद्रजीत सकाळी कंपनीत जातात ते अंधार पडल्यावरच घरी येतात, आणि मी मजेत आहे.

हातात मोबाइल असताना ही बाई पोस्टाने का लिहितेय, असं तुला वाटेल. आमच्याकडे फोनवर बोलायला लागलं की कुणी ना कुणी शेजारी येऊन बसतं. "कोण हाय? हन्ना व्हय? इचार तिला, बरी हाय का." प्रेमानेच विचारतात, त्यामुळे रागावताही येत नाही.

तुझ्या शिरूरच्या फ्लॅटचे फोटो पाहिले. स्वतःच्या पगारावर घेतलेलं घर! मला इतका आनंद झाला की सासूबाईंच्या हातावर साखर ठेवली. आता ऐक. पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावू नकोस. सोफासेट आणायचा नाही, तुला जन्मभर जमिनीवर मांडी घालून पेपर वाचायची सवय, सोफ्यावर फक्त धुतलेले कपडे बसतील. काकांची बाजाची पेटी हॉलमध्येच ठेव, कुणी जुनाट म्हणालं तर म्हणू दे. पुण्याला होस्टेलच्या त्या खुराड्यातसुद्धा तुझी बाजू कुठली आणि माझी कुठली, हे दारातून कळायचं, आठवतं? तसं झालं पाहिजे.

"अनु, तू दोन दिवस येऊन राहा आणि घर लावून दे," हे तू तीनदा म्हणालीस. चौफुल्यावरून न्हावऱ्याची जीप, पुढे शिरूर, लांब काहीच नाही. त्याचं उत्तर देते, पण आधी माझ्या घराचं सांगते.

आमच्या बंगल्याच्या गेटवर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत "अनुपमा" लिहिलंय. हा हट्ट आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. लग्न ठरताना मी नोकरी सोडायला कुरकुर करत होते, तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, नवा बंगला बांधतोय. तू शिकल्याली हायेस. तुज्या मनासारखं घर कर." ते खोटं बोलले नव्हते. आतलं सगळं मीच काढलेल्या नकाशाप्रमाणे झालं. आणि मग वास्तुशांत आली.

आमच्या भागात वास्तुशांतीला लोक घड्याळ देतात. काचेवर लाल अक्षरांत "सप्रेम भेट" आणि खाली देणाऱ्याचं नाव. ते घड्याळ भिंतीवर दिसलं नाही, तर देणाऱ्याचा अपमान. त्यात आबा सोसायटीच्या निवडणुकीला उभे, म्हणजे भावकीतलं एकही घड्याळ माळ्यावर टाकायची सोय नाही. हॉलमध्ये घड्याळं, जिन्यात घड्याळं, न्हाणीच्या दारावर घड्याळ. कशात सेल आहे, कशात नाही. इंद्रजीत म्हणतात, "उशीर झाला की मी जिन्यातलं बघतो, तिथं अजून सात वाजलेत." मीही हसायचे.

मी एकच खोली मागितली. वरची, मागच्या बाजूची. आबांनी लगेच दिली. दिवाळीच्या आधी मी तिथली घड्याळं उतरवली, जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली. एक भिंत ओल्या मातीच्या रंगाने स्वतः रंगवली आणि कोरी सोडली. खिडकीपाशी माझं ड्रॉइंगचं टेबल, पलंगावर आईने शिवलेली गोधडी. दुपारी सगळे आडवे झाले की मी तिथे जाऊन बसायचे. करायचे काहीच नाही, नुसती भिंतीकडे बघायचे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला, हन्ना.

मग कासुर्डीचे मच्छिंद्रआप्पा आले. आबांचे चुलतभाऊ. सगळं घर हिंडले, वर आले, आणि दारातच थांबून म्हणाले, "सूनबाई, आमचं घड्याळ कुठं हाय?" मी पलंगाखालून काढून दाखवलं. मला वाटलं, किती जपून ठेवलंय हे बघून त्यांना बरं वाटेल. खाली ताटं वाढलेली होती. आप्पा न जेवता निघून गेले.

आबा ओरडले असते तर मी भांडले असते. ते पायरीवर बसून हळूच म्हणाले, "पोरी, भिंत आपली आसती, पर माणसं दुखवून काय करायचीय ती भिंत? तुला कुणी सांगितलंच न्हाई, तुजी चूक न्हाई." दुसऱ्या दिवशी साखर-नारळ घेऊन आम्ही कासुर्डीला गेलो. मी पाया पडले. आप्पा विरघळले. "आमी काय परकं हाय व्हय?" म्हणत आमच्याच गाडीत बसून आले आणि त्या कोऱ्या भिंतीच्या मधोमध त्यांनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. रंगाचा पोपडा खाली पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. फोटोत मी हसतेय. भांडण मिटलं म्हणून मला खरंच बरं वाटलं होतं.

हे ऐकल्यावर बाकीचे मागे कशाला राहतात? सूनबाईच्या खोलीत आपलं घड्याळ असणं हा मान झाला. आता ती भिंत दिसत नाही. टेबल खाली गेलं, त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. आबा पाहुण्यांना खोली दाखवायला वर आणतात आणि कौतुकाने म्हणतात, "समदं आमच्या अनुपमानं सजवलंय." मला कुणी मारत नाही, टोचून बोलत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, तुला सुख टोचतंय. भांडायला समोर कुणी नाही आणि जीव मात्र गुदमरतो.

इतकं लिहिलं, तरी जे सांगायचं ते टाळतेच आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही वैष्णवीकडे गेलो होतो. इंद्रजीतच्या मित्राची बायको, नवीनच लग्न, नवीनच घर. त्यांच्या वास्तुशांतीला आम्हीही आहेर केला होता. तिचं घर बघताना मला सारखी तुझी आठवण येत होती. भिंती मोकळ्या, कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन, खिडकीत चिंध्यांच्या रंगीत पताका. मला आनंद व्हायला हवा होता. मी हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, आतल्या खोलीत डोकावले. मी काय शोधतेय ते माझं मलाच कळेना. आणि तोंडातून गेलं, "वैष्णवी, आमचं घड्याळ कुठं हाय?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "लावायचंच हाय वो ताई, खिळाच न्हवता," म्हणत ती आत पळाली. ती खोटं बोलत होती, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? राहू दे, म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. ती स्टुलावर चढून मशीनच्या वर खिळा ठोकत होती, तोवर मी तिथेच उभी राहिले. घड्याळ थोडं तिरकं लागलं. ते मी सरळ करून दिलं.

म्हणून मी येत नाही, हन्ना. ऊसतोडणीचं कारण देणार होते, सासूबाईंच्या तब्येतीचंही देणार होते. घर तुझं तूच लाव. माझ्याकडून काही पार्सल आलं तर न उघडता परत पाठव. आणि कधी मी तुझ्या दारात आलेच, आणि चहा व्हायच्या आत तुझ्या भिंती न्याहाळायला लागले, तर माझी भीड धरू नकोस. हाताला धरून मला बाहेर काढ. तुझ्याशिवाय हे कुणी करणार नाही.

अजून तरी तुझीच,
अनु