सुक्या पोत्यातली पुडी

ता. २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

आणि वर मलाच शहाणपण शिकवतेस? दिवसभर मी लोकांचा कचरा निवडतो, खोलीवर येऊन घरचं पत्र उघडतो, तर त्यातही चार पानं कचराच. मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही ते याचमुळे. उगाच पोस्टाला दोष देऊ नकोस.

शाळेतल्या मुलांना सांगायचं तर आधी आपल्या घरात करून दाखवायला हवं, हे तुझं म्हणणं. दाखव की. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आंघोळीला एकच बादली, बाजारात जाताना कापडी पिशवी. आईने दुधाच्या पिशव्या धुऊन चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या आणि शेजारणीने विचारलं की हे कपडे कुणाच्या मापाचे, ते वाचून मी एकटाच हसत बसलो. पण मी पाण्याची बाटली घरून नेतो का, असं मला विचारू नकोस. सरकत्या पट्ट्याच्या कडेला आम्ही बाराजण उभे असतो आणि समोरून बाटल्याच बाटल्या जातात. कागद डाव्या पिंपात, प्लास्टिक उजव्या, पत्रा मागे. परवा कुणीतरी फुटका ग्लास तसाच टाकलेला, तो हातमोजा फाडून बोटात गेला. घरी करायचंच असेल तर एवढं करा, काच टाकताना जाड कागदात गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरात काच असं लिहा. खत करायला झाकणाचा ड्रम हवा म्हणतेस, तो मात्र माझ्याकडे मागू नकोस.

बाबांना काही बोलली नाहीस ना? त्यांच्या लेखी मी माल भरायच्या कारखान्यात आहे, तसंच राहू दे. घड्याळजीचा मुलगा कचऱ्यात हात घालतो हे त्यांना सोसायचं नाही. तसंही हे काम महिनाअखेरपर्यंतच. एक दोस्त दुसऱ्या शहरात रंगकामाला आहे, तो बोलावतोय. तिकिटाचे पैसे उशीखाली वेगळे काढून ठेवलेत. हे पाचवं काम असं मोजून दाखवू नकोस, तेवढं मोजायला मी शाळेत शिकलोय.

फोन करू नकोस. माझा फोन खिशातून पट्ट्यावर पडला आणि गठ्ठ्यात बांधला गेला. कुठल्यातरी कारखान्यात एकटाच वाजत असेल.

लोभ आहेच, तो भांडणात खर्चू नकोस.

तुझा
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.,

तुझ्याशी भांडायचं ते पुढच्या खेपेला. शुक्रवारपासून बाबांचं कानातलं मशीन सापडत नाही. तू पहिल्या कामाच्या पगारातून घेऊन दिलेलं, तेच.

बाबांची सवय तुला ठाऊक आहे. घड्याळातला स्क्रू असो की औषधाची गोळी, हातातली बारीक वस्तू खाली ठेवायची तर कागदाच्या कपट्यात पुडी बांधूनच. दुकानात चाळीस वर्षं तेच केलं. शुक्रवारी दुपारी आडवं होताना त्यांनी मशीन काढलं, पुडी केली, टेबलावर ठेवली. आणि माझा नवा नियम असा, की घरातला कागदाचा कपटासुद्धा सुक्या पोत्यात गेला पाहिजे. आईने टेबल आवरलं. नियम माझा, हात आईचा आणि नुकसान बाबांचं.

आम्ही दोघींनी ते पोतं तीनदा ढवळलं. त्यात इतके चुरगळलेले कागद आहेत की काही कळत नाही. दुकान बंद आहे. गिऱ्हाईक काय बोलतं ते कळत नाही हे एक, पण दुरुस्त केलेलं घड्याळ चालतंय की नाही ते बाबा काट्यांपेक्षा कानाने बघतात. काल एक घड्याळ कानाशी धरून बराच वेळ बसले. मग खाली ठेवलं आणि म्हणाले की दुकानाला गिऱ्हाईक बघा. नवीन मशीन आणू म्हटलं तर मान हलवली, पोराने एकदा पोटाला चिमटा घेऊन दिलंय, पुन्हा नको म्हणाले. माझ्यावर एकदा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मीच सांगून टाकलं, उद्यापासून नियम बंद, सगळं एकाच बादलीत.

एकच आशा आहे. पूर्वीसारखा रोजचा कचरा रोज गाडीत गेला असता तर शोधायलाही काही उरलं नसतं. सुकं आम्ही महिनाभर साठवतो आणि भंगारवाला पंचवीस तारखेला येतो.

तू रोज ढिगातून हवं ते उचलतोस. कसं शोधायचं ते तूच सांग. पण मी दिवसभर शाळेत असते, शोधणार बाबाच, आणि तुला हे कुठून माहीत असं ते विचारणारच. तेव्हा पत्र कुणाच्या नावाने लिहायचं ते तू ठरव. मी तुझं गुपित फोडणार नाही, पण आता खोटंही बोलणार नाही.

बोटाची जखम रोज धू. जीव लावतोस तसं कळवतही जा.

तुझी
ताई


ता. १४ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.,

पत्र तुमच्याच नावाने लिहितोय. आधी सांगायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं लिहिताच येणार नाही. मी माल भरायच्या कारखान्यात नाही. मी कचरा निवडतो. वर्ष होत आलं. तुम्हाला चारचौघांत खाली बघावं लागेल म्हणून बोललो नाही. तीन कागद फाडून हा चौथा लिहितोय. फाडलेले सुक्यात टाकलेत, ताईला सांगा.

आता मशीनचं. पोतं ढवळू नका. ढवळलं की बारीक आणि जड वस्तू तळाला जाते, नाहीतर तोंड उघडं असलेल्या कशाततरी शिरते. आमच्याकडे पट्टा थांबला की मुकादम पहिलं हेच ओरडतो, हात घालू नका.

जमिनीवर चादर अंथरा. पोतं एकदम ओतू नका, ओंजळीएवढं काढा. पिशव्या असतील त्या उलट्या करा. खोकी, पाकिटं, डब्या, ज्याला ज्याला पोट आहे ते उघडून बघा. राहिले चुरगळलेले कागद. ते उघडत बसलात तर दिवस जाईल. आईचं जेवायचं स्टीलचं ताट घ्या आणि एकेक कागद वीतभर वरून त्यात सोडा. नुसता कागद तरंगत पडतो. आत काही असलं तर सरळ येतो आणि आपटतो. तुम्हाला आवाज येणार नाही, म्हणून ताटाच्या काठाला बोट लावून बसा. तुमच्या बोटाला कळेल. घड्याळाचं झाकण बंद झालं की नाही ते तुम्ही बोटानेच ओळखायचात, मला आठवतंय.

बघून झालेलं दुसऱ्या पोत्यात टाका, पुन्हा त्याच ढिगात नको. हात कोरडे ठेवा. पंचवीसच्या आत संपवा.

सापडलं नाही तर मी पुन्हा घेईन, दुकान विकू नका. आणि ताईला बोलू नका, तिचं काही चुकलेलं नाही. माझ्यावर रागवायचं असेल तर शोधून झाल्यावर रागवा.

आशीर्वाद द्यायचा की नाही ते तुमच्यावर.

तुमचा मुलगा


ता. २० मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोटं बोललास ते मला आवडलेलं नाही. ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

मशीन सापडलं. दुसऱ्या दिवशी, अडीच तास बसल्यावर. ती पुडी चहाच्या रिकाम्या पाकिटात शिरली होती. पाकीट उलटं केलं तर तिच्याबरोबर आणखी पाच-सात कपटे पडले, सगळे सारखेच. मग तू सांगितलंस तसं एकेक ताटात सोडला. चौथ्याला बोटाला ठोका लागला. घड्याळ चालू होतं तेव्हा लागतो तसा. नवा सेल घालून कानाला लावलं. पहिला आवाज तुझ्या आईचा आला. माझं जेवायचं ताट कचऱ्याला घेतलंत, आता मी कशात जेवू, असं म्हणत होती. मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

दुकान उघडलं आहे. विकायचा विषय पुन्हा काढू नये असं मी तुझ्या ताईला सांगितलं, तर ती म्हणाली की काढला कुणी होता. नियम तिने पुन्हा चालू केले आहेत. मी पुड्यांऐवजी पत्र्याची डबी वापरतो.

तू बारा वर्षांचा असताना माझ्या हातून एक स्क्रू पडला होता. तुला शोधायला बसवलं, तू दहा मिनिटांत पळालास. तुझ्याने बसून काम होणार नाही असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. ते माझं चुकलं. तुला बसवायला नको होतं, उभं करायला हवं होतं. समोरच्या दुकानदाराने विचारलं की मशीन कसं सापडलं. मी सांगितलं, मुलगा कचरा निवडायच्या कामावर आहे, त्याने सांगितलं तसं केलं. त्यालाही ती ताटाची रीत लिहून हवी आहे, त्याची किल्ली हरवली आहे.

एक विचारायचं आहे. घड्याळांतले वापरलेले सेल मी बाटलीत साठवत आलो, तीन बाटल्या भरल्या. ते ओल्यात जात नाहीत, सुक्यातही टाकायला मन होत नाही. कुठे द्यावेत? तुला माहीत असेल.

बोटाचं काय झालं ते लिहिलं नाहीस. ते कळव.

तुझे
बाबा


ता. २६ मार्च

ती. बाबांस व ताईस सा. न. वि. वि.,

बोट बरं आहे. बाबांचं पत्र खिशात ठेवून कामाला गेलो, या खेपेला खिशाला बटण लावून.

बाबा, सेलचं मुकादमाला विचारून लिहितोय, अंदाजाने नाही. ते ओल्यात नको, सुक्यात नको, आणि जाळू तर मुळीच नका, फुटतात. आमच्याकडे त्यांचा लाल झाकणाचा वेगळा पिंप आहे. तुम्ही ज्याच्याकडून नवे सेल घेता तो जुने परत घेतो का विचारा. नाही म्हणाला तर बाटल्या कोरड्या जागी ठेवा. मी सुट्टीला येईन तेव्हा घेऊन जाईन आणि माझ्या हाताने पिंपात टाकीन. तुम्ही मला आजवर पुष्कळ सांगितलंत, विचारलंत मात्र पहिल्यांदाच. म्हणून मुकादमाला मी तीनदा विचारून घेतलं. तो वैतागला.

समोरच्या काकांना सांगा, किल्लीला ताट चालेल, पण आईचं नको.

ताई, दोस्ताला कळवलं की रंगाला दुसरा माणूस बघ. हे पाचवंच काम, सहावं नाही, तेव्हा नीट मोज. कालपासून मुकादमाने मला पट्ट्याच्या तोंडाशी उभं केलंय, तिथे जे सुटतं ते पुढे कुणालाच मिळत नाही. पाण्याची बाटलीही घरून नेतो, आता विचारू नकोस.

झाकणाचा ड्रम घे. उरले तर आईला नवीन ताट. माया आहे तशीच राहू द्या, मला आता पत्ता बदलायचा नाही. उशीखाली तिकिटाचे ठेवले होते ते सगळे मनिऑर्डरने पाठवतोय, आठशे पन्नास.

तुमचा
भिंगरी