सुईचे मीटर

अब्बा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं अम्मी अजून बजावते. बजावू दे. आज माझ्या टेबलावर एक जुना सुईचा मल्टिमीटर आहे, शेजाऱ्यांनी भंगारात टाकता टाकता मला आणून दिलेला. काच तडकलीय, सुई मधेच अडकते. पाठचं झाकण उघडलं, बेकेलाइटचा तो जळकट वास आला, आणि सौदीतल्या खमीस मुशैतचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. वाऱ्याने सुई हलू नये म्हणून हात आपोआप पंखा बंद करायला गेला.

तेव्हा माझी बारावी झाली होती. बाजारात आकडे दाखवणारे नवे मीटर ढिगाने आले होते, पण जुन्या मिस्त्रींना सुईच हवी असायची आणि ते मीटर दुरुस्त करण्यावरच तुमचं पोट होतं. त्यात तुमच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. मीटर दुरुस्त करणाऱ्याला दिसत नाही, हे कफीलला, दुकानाच्या मालकाला, कळलं असतं तर इकामा, तिथे राहायचा परवानाच, गेला असता, खलास. मुलीने दुकानात बसायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तुम्ही मीटर पिशवीत घालून घरी आणायचात, अम्मी ओटा पुसून द्यायची आणि मी कामाला लागायचे. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीच्या टोकाने उचलायचा, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने सरळ करायची, सुई शून्यावर आणायची, आणि शेवटी मागच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुणी उघडलाच तर कळावं. तुम्ही समोर बसून नुसते ऐकायचात, आणि चिमटा जरा कशाला लागला की खेकसायचात, हात आहेत की मुसळं? सकाळी तोच मीटर तुमचं काम म्हणून दुकानात जायचा. त्याचं मला काही वाटत नव्हतं. बापाची नोकरी टिकतेय, आणखी काय हवं, असं मला मनापासून वाटायचं.

मग मामूने रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला माझी जागा पक्की केली. मला आकाश ठेंगणं झालं. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. पण त्याच आठवड्यात मीटर परत यायला लागले. गिऱ्हाईक तक्रार करतंय म्हणे. एक आला, दुसरा आला. मी रडत रडत सगळं पुन्हा उघडून बघायचे, चूक काही सापडायची नाही, तेव्हा आपल्यालाच अक्कल कमी असं समजून झाकण परत लावायचे. तिसरा आणलात तेव्हा मात्र मी तो उलटा करून पाहिला. स्क्रूवरचा ठिपका जसाच्या तसा होता. नव्या बॅटरीला लावला, सुई बरोबर आकड्यावर गेली. मी म्हटलं, अब्बा, याला काहीही झालेलं नाही.

"तुला दिसत नाही," तुम्ही म्हणालात. "असल्या हातांनी कॉलेजात जाऊन माझं नाव घालवशील."

समोरची कढई तुम्हाला धड दिसत नव्हती, आणि हे मला ऐकवलंत. अम्मी भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी कॉलिंग कार्ड खरवडून मी मामूला फोन लावला आणि मला जमणार नाही म्हणून सांगितलं. मीच सांगितलं. तुम्ही जाऊ नको असं एकदाही म्हणाला नाहीत, म्हणजे दोष द्यायलाही जागा नको. हा शुद्ध हलकटपणा होता, अब्बा.

पुढे तुम्ही सुट्टीवर गावी गेलात आणि मामूने तुम्हाला ओढून डॉक्टरकडे नेलं. साधा मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करून दुपारी जेवायला घरी होतात. एवढ्याला घाबरलात आणि माझं शिक्षण खाल्लंत. दिसायला लागल्यावर तुम्ही मीटर घरी आणणं बंद केलंत. मला म्हणालात, आता अम्मीला हातभार लाव, तुझ्या लग्नाचं बघू.

कब्रस्तानात टपाल जात नाही ते बरंच आहे. जात असतं तरी हे पत्र मी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळलेलं मला चालणार नाही.

सुट्टीवरून आल्यावर एका शुक्रवारी, नमाजनंतर, घरी राहिलेला माझ्या हातचा एक मीटर तुम्ही ओट्यावर उघडलात. स्प्रिंग बघितलीत, सुईचा तोल बघितलात, बराच वेळ. मी शेजारी तांदूळ निवडत होते.

"काय साफ हात आहे," तुम्ही म्हणालात. "हा मीच केलेला ना?"

मी हो म्हटलं. तुम्ही खूश होऊन झाकण लावलंत. आणि अब्बा, सांगायची लाज वाटते, पण मीही खूश झाले होते.