ओतिलियाच्या कादंबरीचा शेवट

मी, हेर्मिलो साल्दीवार ओचोआ, वय एकोणऐंशी, व्यवसाय पटकथालेखन, राहणार कोयोआकान, मेक्सिको शहर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना स्वहस्ते लिहीत आहे. फुप्फुसे कामातून गेली आहेत. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. यापूर्वीचे कागद रद्द समजावेत.

१. राहते घर भाची एउलोखिया हिला. शेजाऱ्याने कितीही कटकट केली तरी अंगणातले लिंबाचे झाड तोडू नये.

२. टाइपरायटर व शिल्लक बचत परिचारिका दोमितिला हिला. माझे खोकणे आणि बोलणे, दोन्ही तिने सोसले.

३. माझी दिवंगत पत्नी ओतिलिया हिने एकच कादंबरी लिहिली. ओतिलियाचे वडील आल्वारादो बंदरातले कोळी. उत्तरेकडून आलेल्या वादळात त्यांची होडी बुडाली आणि प्रेत किनाऱ्याला लागले. ओळख पटवायला ओतिलिया एकटी गेली. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई पेत्रा, घराबाहेर पडल्याच नाहीत. कादंबरी यावरच आहे; मुलगी बापाचे तोंड धुते, तिथे ती संपते.

पटकथा मी केली. आत्या, मावश्या, जत्रा, सगळे काढून टाकले. ओतिलिया म्हणाली, "काय हवं ते काप. बाबांना मात्र मरू दे. या हातांनी धुतलंय मी त्यांना."

मी तसेच लिहिले. निर्माते फाउस्तिनो बाराखास म्हणाले, "अहो, लोक रडायला येतात, पण घरी रडत जायला नाही!" मी नकार दिल्यावर त्यांनी शेवट दुसऱ्याकडून लिहून घेतला. पडद्यावर बाप लाटांतून चालत येतो. पटकथाकार म्हणून नाव माझेच. सबब, बाराखास कुटुंबातील कोणालाही माझ्या अंत्यविधीत भाषण करू देऊ नये.

पहिल्या खेळाला सासूबाई पुढच्या रांगेत होत्या. बाप पाण्यातून वर येताच उठून ओरडल्या, "कुठं उलथला होतास रे? जेवण निवून गेलं!" लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या मरेपर्यंत रोज दुपारी एक ताट जास्त वाढत.

"आई, ते बाबा नव्हते गं. नट होता तो."

"तू बोलूच नकोस. मेला म्हणून तूच सांगत आली होतीस ना?"

ओतिलियाने पुढे एक ओळही लिहिली नाही.

४. ती गेल्यावर घरी आलेल्यांत निकानोर तेखेदा होता, आमच्या भागातल्या थिएटरात यंत्र चालवणारा. तो म्हणाला, "तो सिनेमा पुन्हा लागला की बाई शेवटच्या रिळाला यायच्या. म्हणायच्या, आईला काय दिसलं ते बघायचंय."

"मग? दिसलं का?"

"एकदा विचारलं मी. म्हणाल्या, नाही रे, मला नटच दिसतो."

इतक्या वर्षांत मला ती हे बोलली नव्हती.

५. कादंबरीचे सर्व हक्क एउलोखियाला. परवा ती म्हणाली, "मामा, नवा दिग्दर्शक विचारतोय. शेवट थोडा बदलला तर आता कुणाला दुखणार आहे?" कोणालाच नाही, हे मला कळते. तरीही अट घालतो : सिनेमा काढावा, हवे ते कापावे, पण बाप मेलेलाच राहील. मान्य नसेल तर हक्क देऊ नयेत.

६. मला आल्वारादोला ओतिलियाशेजारी पुरावे. दगडावर फक्त नाव घालावे. व्यवसाय कोरू नये.

स्थळ : कोयोआकान
दिनांक : ९ नोव्हेंबर १९८८

(सही) हेर्मिलो साल्दीवार ओचोआ

साक्षीदार :
(सही) निकानोर तेखेदा
(सही) रोसेन्दो उर्बिना, औषधविक्रेते